प्लगवरची काजळी

आत्याने इंजिनाचं झाकण उचललं तेव्हा ते इतकं तापलेलं होतं की हातमोज्यातूनही चटका बसला. पण हात मागे घेईल तर ती आत्या कसली! झाकण तिने बाजूला ठेवलं, ठेवलं म्हणजे आपटलंच, आणि हँगरच्या दारात उभ्या असलेल्या कॅप्टनकडे पाठ करून ती पाना शोधू लागली.

"ही तिसरी वेळ," कॅप्टन म्हणाले.

"मला मोजता येतं."

"त्या मुलीचं एकटीचं पहिलं उड्डाण, आणि तिसऱ्यांदा रद्द. धावपट्टीच्या तोंडाशी जायचं, इंजिन खोकायला लागलं की तोंड पाडून परत यायचं. बाकीची पोरं हसायला लागलीत तिला."

"हसू देत. दात आहेत त्यांना."

कॅप्टननी गॉगल कपाळावर चढवला. फ्लाइंग क्लब त्यांचा, विमानं त्यांची, शिकवायचेही तेच. ओरडणं मात्र त्यांना कधी जमलं नव्हतं. राग आला की ते आवाज खाली आणत, आणि समोरच्याला ते ओरडण्यापेक्षा जास्त झोंबे.

"आत्या, सरळ विचारतो. तुम्ही औषध टाकता ना?"

क्लबात सगळेच तिला आत्या म्हणत. खरी आत्या ती एकाच मुलीची होती, आज विमान परत घेऊन आलेल्या मुलीची. भाची इथे शिकायला आली, येता-जाता 'आत्या, आत्या' करू लागली, आणि बघता बघता पंपवाल्यापासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांची ती आत्या होऊन बसली. एरवी तिला ते आवडायचं.

औषध म्हणजे पेट्रोलमध्ये टाकायचा एक द्रव. या छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. ते सगळंच्या सगळं धुराबरोबर बाहेर पडत नाही. थोडं मागे राहतं आणि ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या तोंडाशी करडे मणी होऊन चिकटतं. मणी साठले की ठिणगी मरते आणि इंजिन खोकायला लागतं. टाकी भरताना औषध मापून ओतलं की शिशाचं रूप बदलतं, ते चिकटत नाही, धुरातून निघून जातं. डब्यावर त्या द्रवाचं नाव लांबलचक होतं आणि 'कातडीला लागू देऊ नका' हा इशारा त्याहून लांब. ते टाकायचं काम आत्याशिवाय कुणी करत नसे. ती करूच देत नसे.

तेव्हा कॅप्टनच्या प्रश्नाचा अर्थ एकच होता, आणि तो तिला बरोबर कळला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या हाताने टाकते," ती वळून म्हणाली. "दर टाकीला. मापाने. पंपवाला बाजूला उभा असतो, विचारा त्याला. नाहीतर असं करा, उद्यापासून तुम्हीच ओता. मी बसते तुमच्या खुर्चीत, गॉगल लावून."

"मग शिसं साठतं कसं?"

"मला काय माहीत! औषधातच भेसळ असेल. पेट्रोल खराब असेल. ही तुमची पोरं विमान चालवतात की बैल हाकतात ते एकदा बघा. सगळं खापर फोडायला माझंच डोकं सापडतं बरं तुम्हाला."

"सकाळी याच विमानात चार पोरं वर जाऊन आली. एकाचीही तक्रार नाही." कॅप्टनचा आवाज आणखी खाली गेला. "इंजिनाची कामं बाहेर द्यावीत असं माझ्या मनात आहे, आत्या. संध्याकाळपर्यंत मला खरं कारण सांगा. नाही सापडलं, तर मग आपण बोलू."

ते गेले. आत्याने त्यांच्या पाठीमागे एक कचकचीत शिवी हासडली. ती त्यांना ऐकू गेली असती तरी तिला चाललं असतं.

ती प्लग काढायला लागली. पाना बसवायचा, हिसका द्यायचा, प्लग बाहेर. खालच्या बाजूचे आधी, कारण शिसं खाली साठतं. लाकडी ट्रेला भोकं पाडलेली होती, कुठला प्लग कुठला ते कळावं म्हणून. काढता काढता तिची बडबड चालूच होती. बाहेर देणार म्हणे कामं! हिवाळ्यात बोटं बधिर होईपर्यंत हीच इंजिनं मी उघडली, तेव्हा कुठे होते तुमचे बाहेरचे? आणि आमच्या पोरीला हसतात? ती वर गेल्यावर बघा म्हणावं.

भाची वर जाणार, एकटी, हे आत्याने मनात पक्कं करून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. आपल्या हातून इतकी विमानं वर गेली, पण आपल्या घरातलं कुणी त्यात बसलं नाही, हे तिला सलायचं. भावाची मुलगी हुशार निघाली, गणितात पक्की, हात स्थिर. आत्याने कॅप्टनचं डोकं खाल्लं. रविवारी फुकट काम करीन, त्याबदल्यात पोरीला शिकवा, असं कबूल करून घेतलं. वहिनी चेष्टेने म्हणायची, तुझ्या भाचीला तू आकाशातच उजवणार बहुतेक. आत्या म्हणायची, हो, तिथे सासू नसते.

ट्रे भरला. मागच्या दोन्ही वेळा तिने प्लग बघितलेसुद्धा नव्हते. कॅप्टन डोक्यावर उभे, राग डोळ्यांत उतरलेला. तिने ते तसेच सफाईच्या मशीनला लावून घासले होते आणि परत बसवले होते. शिसंच असणार, दुसरं काय असणार, असं धरून. इतक्या वर्षांच्या मेकॅनिकने करू नये अशी चूक होती ती. आज मात्र तिला पुरावा हवा होता. मणी काढून, कागदात बांधून, कॅप्टनच्या टेबलावर ओतायचे होते तिला. घ्या, तपासून आणा तुमचं औषध.

तिने टॉर्च लावला आणि पहिला प्लग डोळ्यांजवळ धरला.

मणी नव्हते.

दुसरा. तिसरा. कोरणी आत घालून तिने खरवडून पाहिलं. करडं, टणक असं काही लागेना. लागली ती काळी, मऊ काजळी. सगळ्या प्लगांना, वरच्यांनासुद्धा, सारखी. बोट फिरवलं की बोट काळं.

आत्या मोठ्याने हसली. औषधाने आपलं काम चोख केलं होतं! शिशाचा कण नव्हता. म्हणजे आत्याचं माप बरोबर, आत्याचा हात बरोबर, आणि कॅप्टनचं तोंड बंद. काजळी ही औषधाची गोष्टच नव्हे. काजळी म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी. हातमोजेही न काढता ती ट्रे उचलून तरातरा निघाली. मधलं पटांगण ओलांडलं की कॅप्टनचं ऑफिस. काय काय बोलायचं ते तिने चालता चालता जुळवलंही. बाहेरच्या मेकॅनिकला बोलवा, त्याला विचारा, आणि मग माझी माफी मागा, सगळ्यांसमोर.

पटांगणाच्या मध्यावर तिचे पाय थांबले.

पेट्रोल जास्त, हवा कमी. ते कशाने होतं? कार्बुरेटर बिघडला तर. पण मग सकाळच्या चार पोरांनाही त्रास झाला असता. नाहीतर पेट्रोल कमी-जास्त करायची लाल मूठ पुढे दाबून ठेवली आणि इंजिन जमिनीवर हळू हळू फिरवत बसलं तर. ती मूठ ज्याच्या त्याच्या हातात असते. विमानात बसलेल्याच्या.

आणि विमानात बसलेल्या या पोरीला लाल मूठ शिकवली होती कुणी? आत्यानेच. बंद विमानात तिला बसवून, डोळे मिटायला लावून. इंजिन सुरू झालं की लाल मूठ मागे, जमिनीवर इंजिनाला थोडं उपाशी ठेवायचं, नाहीतर प्लग काळे पडतात. पोरगी ते कधी विसरली नाही. दुसरी पोरं विसरली तर त्यांच्यावर डाफरायची, आणि तिचं डाफरणं ऐकून आत्याला हँगरमध्ये उकळ्या फुटायच्या.

विसरणारी नव्हती ती. तीनदा तर मुळीच नाही.

आत्या मागे वळली. ऑफिसच्या खिडकीतून कॅप्टननी तिला येताना आणि वळताना पाहिलं असेल, तर पाहू देत.

भाची हँगरच्या मागे, रिकाम्या पिंपावर बसली होती. शेजारी प्लग धुवायचा केरोसिनचा डबा होता. तिने बूट काढून ठेवले होते आणि मोज्यांकडे बघत होती. आत्याने ट्रे डब्याच्या कडेवर टेकवला, एक प्लग उचलला आणि तिच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"प्लग."

"त्याच्यावर काय आहे?"

भाचीने पाहिलं. "काजळी."

"कशाने येते?"

"पेट्रोल जास्त झालं की." परीक्षेत उत्तर द्यावं तसं ती म्हणाली.

"विसरलीस ना मूठ मागे घ्यायला? घाबरलीस, पहिलीच वेळ, गेलं डोक्यातून. होतं असं." आत्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. ती गयावया करत होती. "सांग ना, विसरलीस म्हणून."

"नाही विसरले."

"तिन्ही वेळा मुद्दाम?"

भाचीने होकारार्थी मान हलवली.

आत्याने हातातला प्लग भिरकावला. तो हँगरच्या पत्र्यावर खणकन आपटला.

"मूर्ख! अगं मूर्ख मुली! त्या माणसापुढे मी भांडते, पंपवाल्याचं नाव घेते, औषधवाल्याचं घेते, आणि तू? माझ्या पोटावर पाय द्यायला निघालीस? कुणासाठी करते मी हे सगळं? रविवार नाही बघितला, आजारपण नाही बघितलं—"

"म्हणूनच," भाची म्हणाली.

"काय म्हणूनच?"

"म्हणूनच सांगता येईना." तिने मान वर केली नाही. "सर शेजारी असले की मला काही होत नाही. पण ती शेजारची सीट रिकामी असणार म्हटलं की हात गार पडतात. काही सुचत नाही. मूठ कुठली, पेडल कुठलं, सगळं जातं. वर गेले तर खाली मलाच यायचंय ना, आत्या? दुसरं कुणी नसणार."

"मग तोंड शिवलं होतं का? सांगायचं!"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, सगळ्यांनाच वाटतं, होते सवय. मग परत सांगितलं. तू म्हणालीस, नाटकं करू नकोस."

हे आत्याला आठवलं. ती तेव्हा विमानाच्या पोटाखाली झोपून चाकाचा ब्रेक बघत होती. तिला भाचीचे फक्त बूट दिसत होते. तिने बुटांनाच उत्तर दिलं होतं.

तिचा राग कमी झाला असं नाही. फक्त तो आता कुणावर काढावा ते तिला कळेना. या पोरीला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं, आणि तिला उठवून घरी न्यावं असंही.

"आणि असलं इंजिन घेऊन वर गेली असतीस म्हणजे?"

"गेलेच नसते. उड्डाणाआधीच्या तपासणीतच पकडलं जातं ते, तूच शिकवलंयस. खोकायला लागलं की परत." भाचीने मोज्याचा धागा ओढला. "तुझी नोकरी जाईल हे मला माहीत नव्हतं. आत्ता सर बोलले ते ऐकलं इथून. मी सांगते त्यांना. जाते आत्ताच."

"काय सांगशील? क्लबाचं विमान मी मुद्दाम बिघडवलं? नाव काढून टाकतील. जिथे जाशील तिथे हे तुझ्या आधी पोचेल. आणि ती पोरं! आत्ता नुसती हसतात."

"मग काय करू?"

पटांगणातून पावलं येत होती. कॅप्टनची चाल तिला पाठ होती. संध्याकाळपर्यंत थांबणं त्यांनाही जमलं नव्हतं तर.

तिने ट्रे उचलला आणि केरोसिनच्या डब्यात उपडा केला. प्लग बुडाले. वर काळा तवंग आला आणि पसरला.

"काय निघालं?" कॅप्टननी कोपऱ्यावरून येता येता विचारलं. भाचीला पाहून त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला.

"शिसं," आत्या म्हणाली.

"सगळ्या प्लगांना?"

"सगळ्या."

"म्हणजे औषध?"

"टाकलं नव्हतं."

कॅप्टननी सुस्कारा सोडला, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा नेहमीसारखा झाला.

"हे मघाशीच सांगायचं होतंत. विसरतो माणूस, मीही विसरतो. भांडायची काय गरज होती?" ते भाचीकडे वळले. "ऐकलंस? तुझं काही चुकत नव्हतं. प्लग साफ झाले की उद्या सकाळी पहिलं विमान तुझं. हवा छान आहे. उद्या तुला वर पाठवल्याशिवाय मी चहासुद्धा घेणार नाही."

भाचीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. हात मात्र आत्याला दिसले, आणि तिला कॅप्टनच्या त्या चांगुलपणाचा इतका संताप आला की कानशिलं ठणकायला लागली. मेला ओरडत तरी का नाही!

"विसरले नव्हते मी," आत्या म्हणाली.

"काय?"

"मुद्दाम नाही टाकलं. ही एकटी वर जायला नको मला."

"आत्या, तुम्हीच तर माझा जीव खाल्लात हिला घ्या म्हणून!"

"खाल्ला. तेव्हा कळत नव्हतं. आता भीती वाटते मला. आमच्या घरात एकुलती एक पोर आहे. नाही पाठवायचं मला तिला, आणि तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. झालं?"

"आणि सकाळच्या पोरांना कसं काही झालं नाही?"

"दिवसभर साठत जातं. हिची पाळी दुपारची." ती खोटं किती सफाईने बोलत होती! "मला ठाऊक होतं ते."

कॅप्टनचं तोंड पांढरं पडलं. आता त्यांचा आवाज इतका खाली गेला की ऐकायला कान द्यावा लागत होता.

"त्या विमानात दुसऱ्यांची पोरंही बसतात. दुसऱ्यांच्या घरातही ती एकुलती एक असतात. हे तुमच्या मनात आलं नाही?"

या एका वाक्याची आत्याने तयारी केली नव्हती. आयुष्यात तिने कुणाचं विमान अर्ध्या कामाने वर जाऊ दिलं नव्हतं. सैल नटाची नुसती शंका आली तरी ती पुन्हा मागे येऊन बघायची. नाही, असं तिला ओरडावंसं वाटलं. त्यांची कॉलर धरावी, डबा उपडा करावा, त्यातली काजळी दाखवावी. तिने हातमोजे काढले, एकात एक घातले आणि खिशात कोंबले.

"नाही आलं," ती म्हणाली.

"चाव्या द्या."

तिने कमरेचा जुडगा सोडला. हँगरची, कपाटाची, औषधाच्या पेटीची. त्या एका कडीतून सुट्या होईनात, तेव्हा तिने कडीसकट त्यांच्या हातात ठेवल्या. भाची पिंपावरून उठली होती. पायात बूट नव्हते. ती खडीवरून तशीच पुढे आली.

"सर," ती म्हणाली. "सर, आत्याने नाही. ते मी—"

"तू मध्ये बोलू नकोस," आत्या तिच्यावर खेकसली. "मोठी माणसं बोलतायत ना?"

भाची गप्प बसली. आत्याने गप्प बस म्हटलं की ती नेहमीच गप्प बसत आली होती.